टर्बो दोन आठवड्यांत बसला, ईसीयूला कळायला चार महिने लागले

टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, बसवणं हे पाने-स्पॅनरचं काम आहे, हात काळे होतात, पाठ दुखते, पण दिसतं समोर काय चाललंय ते. ईसीयूचं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं, तसं नाही. तो बिचारा सीटच्या पुढे कार्पेटखाली पडलेला असतो आणि त्याला कुणी काही सांगितलेलंच नसतं. चार महिने त्याच्याशी झटापट केली, आता जरा डोकं शांत आहे तर लिहून टाकतो.

इंजिन डी१६झेड६, होंडाचं १.६ लिटर, आणि ईसीयू पी२८, १९९२ ते ९५ च्या सिव्हिकवाला. हे इंजिन कंपनीने टर्बोशिवाय बनवलंय, म्हणजे ईसीयूच्या लेखी जग बाहेरच्या हवेच्या दाबापाशी, १०० किलोपास्कलच्या आसपास संपतं. पेट्रोलच्या टेबलमध्ये एकीकडे आरपीएम, दुसरीकडे मॅनिफोल्डमधला (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) दाब, शेवटचा कॉलम फुल थ्रॉटलचा, खेळ खलास. मला द्यायचा होता अर्धा बार बूस्ट, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा तेवढा जास्तीचा दाब, एकूण १५० किलोपास्कल. तो आकडा त्या टेबलमध्ये बसवणार कुठे?

बरं, सेन्सरला दिसत नाही असंही नाही! चावी ऑन, इंजिन बंद, मॅप सेन्सरच्या (मॅनिफोल्डमधला दाब मोजतो तो) सिग्नल वायरला मल्टीमीटर लावला की साधारण २.९ व्होल्ट दिसतात, आणि सेन्सर पाचच्या जवळपास जाऊ शकतो, म्हणजे वर ०.७ बारच्या आसपास बूस्ट मोजायची जागा आहे त्याच्याकडे. पण कंपनीच्या प्रोग्रामला एवढा व्होल्टेज दिसला की तो समजतो सेन्सरच गेला, चेक इंजिनचा दिवा लावतो आणि गाडी लंगडत चालते.

यावर जुना जुगाड आहे, मीही आधी तोच केला. सेन्सर आणि थ्रॉटल बॉडीच्या मधे एक चेक व्हॉल्व्ह टाकायचा, म्हणजे व्हॅक्यूम सेन्सरपर्यंत पोचतो पण बूस्ट पोचत नाही, ईसीयू सुखात. मग वरचं पेट्रोल आणणार कुठून, तर त्यासाठी एक वेगळा रेग्युलेटर येतो, बूस्ट १ ने वाढला की पेट्रोलचं प्रेशर दहा-बाराने वाढवणारा. पेट्रोलचं कसंबसं जमतं. इग्निशनचं, म्हणजे प्लगची ठिणगी कधी पाडायची त्याचं, काय? तिथे ईसीयूला वाटतंय नेहमीचं फुल थ्रॉटल चाललंय, तो नेहमीचं टायमिंग देत राहतो, आणि सिलिंडरमध्ये मात्र दीडपट हवा कोंबलेली. ढोबळ हिशोब असा सांगतात की बूस्टच्या एका पीएसआयमागे टायमिंग एक डिग्री मागे घ्या, म्हणजे ठिणगी तेवढी उशिरा पाडा, अर्ध्या बारला सात डिग्री. माझी शून्य डिग्री मागे होती.

तिसऱ्या गिअरला पूर्ण पाय दाबला आणि बॉनेटखालून आवाज आला, पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवल्यासारखा. हे नॉकिंग, सिलिंडरमधलं पेट्रोल आपोआप भडकण्याचा आवाज. दोन सेकंद असेल फार तर, पाय काढला. प्लग काढून भिंग लावून बघितलं तर पांढऱ्या पोर्सलिनवर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके आणि त्यांच्यामध्ये तीन-चार चकचकीत चंदेरी कण. ते कण म्हणजे पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम. पोटात गोळाच आला. ज्या सेन्सरला सगळं दिसत होतं त्याच्याच डोळ्यावर मी पट्टी बांधली होती, आता बोलणार कुणाला.

मग सरळ ईसीयू उघडला. पी२८ टर्बोवाल्यांचा लाडका का, तर बोर्डवर बाहेरच्या चिपसाठी जागा कंपनीनेच रिकामी सोडलेली आहे. २८ पिनचं सॉकेट, शेजारी ७४एचसी३७३ नावाचा २० पिनचा लॅच (आणखी एक छोटी चिप), दोन छोटे कपॅसिटर, एक हजार ओहमचा रेझिस्टर, आणि जे१ नावाचा जंपर, जो जोडला की प्रोसेसर आतला प्रोग्राम सोडून बाहेरच्या चिपमधला वाचायला लागतो. ऐकायला अर्ध्या तासाचं काम. प्रत्यक्षात ती सगळी भोकं कथलाने भरलेली असतात आणि ती एकेक करून साफ करावी लागतात, बाकीची सक्शन पंपाने निघाली पण ग्राउंडची भोकं म्हणजे छळ, बोर्डाचं सगळं तांबं उष्णता खेचून घेतं, कथील वितळतच नाही, आणि जास्त वेळ सोल्डरिंग गन धरली की ट्रॅक उखडायची भीती. शेवटी जाड टोक लावलं, थोडं नवीन कथील वरून दिलं तेव्हा कुठे सुटलं.

चिप टाकली, चावी फिरवली, चेक इंजिनचा दिवा लागला आणि लागूनच राहिला. दोन सेकंदात विझायला हवा. तो विझत नसला तर ईसीयूला चिप वाचताच येत नाहीये असं समजायचं. दोन रात्री चिप परत परत लिहिली, दोष निघाला लॅचच्या एका पिनमध्ये, खालून कथलाचा डाग मस्त चमकत होता, वरच्या बाजूला पोचलाच नव्हता. नुसतं परत गरम केलं, दिवा विझला. (त्या दिवशी घरात मी जो ओरडलो त्याबद्दल सगळ्यांची माफी मागून झालेली आहे.)

आता चेक व्हॉल्व्ह आणि तो जुगाडू रेग्युलेटर दोन्ही काढले, मूळचा रेग्युलेटर परत लावला, तो बूस्टबरोबर जेवढ्यास तेवढं प्रेशर वाढवतो, बास तेवढंच हवं असतं. टेबलला बूस्टचे कॉलम जोडले. पेट्रोल फवारणारे इंजेक्टर मिनिटाला २४० सीसीचे काढून ४४० चे टाकले आणि इथे माझ्यासारखे बरेच जण फसतात, म्हणजे २४० भागिले ४४० करून सगळे आकडे त्या पटीत कमी केले की झालं असं वाटतं. वरच्या आरपीएमला चालतं ते, आयडलला, म्हणजे पाय न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, नाही. आयडलला इंजेक्टर जेमतेम दोन मिलीसेकंद उघडा असतो आणि त्यातला साधारण एक मिलीसेकंद नुसता उघडण्यातच जातो, हा मेलेला वेळ प्रत्येक इंजेक्टरचा वेगळा, परत बॅटरीचा व्होल्टेज पडला की वाढतो. हेडलाइट लावला की माझं इंजिन थरथरायचं, आठवडाभर मी व्हॅक्यूम लीक शोधत होतो!

वाइडबँड सेन्सरशिवाय (एका भाग पेट्रोलला किती भाग हवा ते नेमकं मोजतो तो) यातलं काहीही करू नका, हे मात्र हट्टाने सांगतो. कंपनीचा ऑक्सिजन सेन्सर १४.७ च्या आसपासच शहाणा असतो, त्याच्यापेक्षा पेट्रोल जास्त की कमी एवढंच सांगतो, किती ते नाही. बूस्टमध्ये मला हवं होतं ११.५ ते १२, तिथे तो काय कामाचा. आणि हवेचं तापमान विसरू नका, ३० डिग्रीची हवा अर्धा बार दाबली की ठीकठाक टर्बोमधूनही ८५-९० डिग्रीने बाहेर पडते, म्हणून ती गार करणारा इंटरकूलर, आणि इनटेक तापमान वाढलं की टायमिंग आणखी मागे घेणारं टेबलही नीट भरलेलं पाहिजे.

टायमिंगसाठी मी तांब्याची नळी एका टोकाला चपटी करून ब्लॉकला बोल्टने आवळली, दुसऱ्या टोकाला रबरी नळी आणि कानाला जुने इअरमफ. हसू नका, इंजिनच्या पोटातलं सगळं ऐकू येतं. बूस्टच्या कॉलममध्ये मुद्दाम दहा डिग्री मागून सुरुवात केली आणि एकेक डिग्री पुढे सरकलो, सातवर थांबलो. कान आणखी एक डिग्री चालेल म्हणत होते, प्लगवरचे ते चंदेरी कण आठवले आणि नको म्हटलं.

सध्या १५० किलोपास्कलला ५२०० आरपीएमवर ११.७ दिसतंय, प्लग स्वच्छ, चेक इंजिनचा दिवा बंद. गार इंजिनला स्टार्ट करायचं मात्र अजून जमलेलं नाही, पहिल्या झटक्याला मोठे इंजेक्टर इतकं पेट्रोल ओततात की प्लग ओले होतात, क्रँकिंगचं (स्टार्टर फिरतानाच्या पेट्रोलचं) टेबल तीनदा खाली आणलं, रविवारी परत एकदा बसणार आहे.