पांढरी तीन

‘आम्ही बँड काढतोय’ हे मी घरी सांगितलं, तेव्हा आई कळण्याची भाकरी थापत होती. हात न थांबवता तिने विचारलं, “मग लग्नाच्या तारखा तूच घेणार का?” आबा खाटेवरून म्हणाले, “वाजाच वाजवायचा होता, तर बारावी सायन्स कशाला केलं?”

चूक त्यांची नव्हती. अमळनेरात ‘बँड’ हा शब्द आधीच कुणाचा तरी होता. लाल कोट, पितळी बटणं, पुढे क्लॅरनेटवाले मास्तर, मागे ढोल आणि हातगाडीवर कर्णा. त्याला ‘रॉक’ जोडलं, तरी लोक सुपारीच विचारायचे. सुरुवातीला याचा भारी राग यायचा. कारण चौघांपैकी एकाला ठेका कळत होता, आणि तो त्याच लाल कोटाच्या घरातला होता, हे मान्य करायला आम्हाला वर्ष लागलं.

गिटार सुरतहून आणली, सेकंडहँड, भुसावळ पॅसेंजरने. चादरीत गुंडाळून मांडीवर घेतली होती. नंदुरबारला एक आजी मिरचीचं पोतं घेऊन चढल्या आणि ते माझ्या पायाशी टेकवून चादरीकडे बोट करत म्हणाल्या, “हाई काय शे रे भाऊ?” मी सांगेपर्यंत अख्खा डबा शिंकायला लागला होता. ती चादर पुढे दोनदा धुतली. तरी गिटार काढली की नाक चुरचुरायचं.

जागा मिळाली ती जिनिंगच्या गोडाऊनमध्ये. मित्राच्या वडिलांचं होतं. तिथे रुईच्या गाठी रचलेल्या असायच्या, एकेक 170 किलोची. त्या गाठींनी आमच्यावर फार उपकार केले. आवाज त्यांच्यात शिरायचा आणि तिथेच राहायचा, त्यामुळे आम्ही स्वतःला बरेच चांगले ऐकू यायचो. मार्चमध्ये गाठी विकल्या गेल्या. रिकाम्या गोडाऊनमध्ये पहिलाच ठोका मारला, तर तो पत्र्यावर आपटून तीनदा परत आला. आपण खरे कसे वाजवतो, ते त्या दिवशी कळलं.

दुसरी भानगड घूं-घूंची. अँप, म्हणजे गिटारचा आवाज वाढवणारा डबा, चालू केला की कुणी काही न वाजवताही एक सूर सुरू व्हायचा. गिटारच्या तारांना हात लावला की कमी, सोडला की पुन्हा. वायरमन काकांनी एका नजरेत सांगितलं, “अर्थिंग सुकलंय.” गोडाऊनमागे मीठ-कोळशाचा खड्डा होता. मे महिन्यात त्याची माती भाकरीच्या तव्यासारखी तापलेली. मग तालमीआधी त्यात दोन बादल्या पाणी ओतायचं काम लागलं. पाणी ओतणारा बेसिस्ट, म्हणजे बेस गिटारवाला, जगात दुसरा असेल असं वाटत नाही.

एकदा भजनी मंडळाचे जिभाऊ पेटी घेऊन ऐकायला आले. आम्ही पॉवर कॉर्ड वाजवत होतो. नाव मोठं, पण असतात दोनच सूर: सा आणि प. आवाज एवढा फाटलेला असतो की त्यात गंधार घातला तर नुसता चिखल होतो, म्हणून तो गाळायचा. जिभाऊंनी पेटीवर पट्टी शोधली, सप्तकातली तिसरी पांढरी, म्हणजे आमची ई. “पांढरी तीन. सा आहे, पंचम आहे. गंधार कुठे ठेवला?”

“नसतो, जिभाऊ.”

त्यांनी कान अँपकडे केला. पेटीवर खाली खाली जात एका पट्टीवर थांबले. “हा बघ. कोमल गंधार तुमचा डबाच लावतोय. किंचित चढा आहे, पण आहे.”

रात्री वहीत गणित केलं. वीज 50 हर्ट्झची आणि जिभाऊ थांबले ती पांढरी पाच, म्हणजे पांढरी तीनचा कोमल गंधार, खर्जात 49 ची. जिभाऊंचा कान एका हर्ट्झनेही चुकला नव्हता.

तेव्हा भारनियमन जोरात होतं, 2006 च्या आसपासची गोष्ट. त्यामुळे आमचं पहिलं स्वतःचं गाणंही अहिराणीतलं आणि विजेवरचंच: ‘लाईट गयी वं माय, लाईट गयी’. दुसरं कडवं कधी झालंच नाही. तेवढ्यात लाईट यायची.

पहिला कार्यक्रम ड्रमरच्या चुलत बहिणीच्या हळदीला. लाल कोटवाले दमून चहाला बसले आणि आम्हाला म्हणाले, घ्या तुम्ही थोडं. आम्ही उभे राहिलो. समोरचे एक बाबा बराच वेळ बघत राहिले, मग काळजीने म्हणाले, “क्लॅरनेट नही शे का तुम्हना बँडमा?”

गाणं सुरू केलं आणि ‘लाईट गयी’ला खरोखरच लाईट गेली. अँप मेला, माझी गिटार नुसती टिकटिकायला लागली, घूं-घूंही बंद. ड्रमर मात्र थांबला नाही. त्याच्या घरात वरात चालू असताना थांबायची पद्धत नाही. अंधारात मास्तरांचा आवाज आला, “कोणती पट्टी?”

“ई,” मी म्हणालो.

“पांढरी तीन, मास्तर!” ड्रमर ओरडला.

क्लॅरनेट उठलं. आमचीच चाल, दोनदा ऐकलेली, पण मास्तरांनी ती गंधारावर नेऊन अशी रेंगाळत ठेवली की बायका फुगडीला उठल्या. जनरेटर धडधडला, तोवर चाल आमची राहिली नव्हती. आम्ही मागून सा आणि प धरला.

नवरीच्या मामांनी हिशेबाच्या वहीत त्या रात्री दोन ओळी लिहिल्या. ‘बँड मोठा’ आणि त्याखाली ‘बँड बारीक’. बारीकपुढे आकडा होता 151.