सुस्तो आणि धसका

गंगापूर रोडवरच्या एका छोट्या सभागृहात आम्ही काही जणी दर रविवारी समकालीन नृत्याचा सराव करतो. माझे शिक्षण कथकचे, समेवर ठाम उभे राहण्याचे. त्यामुळे मुद्दाम जमिनीकडे कोसळणे मला फार अवघड गेले. ही पद्धत नर्तक आणि नृत्यरचनाकार होसे लिमोन यांची. १९०८ साली मेक्सिकोत जन्मलेले आणि लहानपणीच कुटुंबासह अमेरिकेत आलेले लिमोन यांनी गुरू डोरिस हम्फ्री यांचे ‘पडणे आणि सावरणे’ हे तत्त्व पुढे नेले. यात शरीराचे वजन रोखून न धरता सोडून द्यायचे असते आणि त्या पडण्यातूनच उठण्याचा जोर मिळवायचा असतो. दुसऱ्या महायुद्धाने उद्ध्वस्त केलेले पोलंड पाहिल्यावर लिमोन यांनी १९५८ मध्ये हंगेरियन संगीतकार कोदाय यांच्या संगीतावर ‘मिसा ब्रेविस’ (छोटी ख्रिस्ती प्रार्थना) ही रचना बसवली. तिच्यातली प्रार्थना अशाच पडून उठणाऱ्या शरीरांची आहे.

लिमोन ज्या लॅटिन अमेरिकेतून आले, तिथल्या कुटुंबांत ‘सुस्तो’ नावाचे एक दुखणे मानले जाते. अचानक बसलेल्या धक्क्याने जीव शरीर सोडून जातो, मग झोप उडते, अन्न गोड लागत नाही, अशी ती समजूत. कुरांदेरा, म्हणजे पारंपरिक उपचार करणारी स्त्री, प्रार्थना म्हणत वनस्पतींची जुडी किंवा अंडे अंगावरून फिरवते. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेतही सुस्तोची नोंद आहे. हे वाचताना मला पंचवटीतली आजी आठवली. ‘पोरीने धसका घेतलाय’ म्हणत ती माझ्यावरून मीठ-मोहरी उतरवून टाकायची. तेवढा वेळ घरातले सगळे माझ्याकडेच पाहत असत, आणि मला वाटते, निम्मा उपचार तोच होता.

असे विधी केवळ शोभेसाठी रंगमंचावर आणणे मला पटत नाही. नृत्य औषधांची जागा घेते, असेही मी मानत नाही. परंतु प्वेर्तो रिको या कॅरिबियन बेटावरच्या उसाच्या मळ्यांत गुलाम म्हणून राबवलेल्या आफ्रिकी लोकांनी घडवलेल्या ‘बॉम्बा’ नृत्यात मुख्य ढोलवादक नर्तकाच्या हालचालीमागे जातो. खांदा हलला की ढोल त्याला उत्तर देतो. ज्यांच्या शरीरावर दुसऱ्याची मालकी होती, त्यांनी निदान त्या वर्तुळात तरी ताल आपल्या शरीराच्या हुकमतीत ठेवला, याचे मोल मला फार मोठे वाटते.

आईच्या दीर्घ आजारपणात माझे खांदे आवळले गेले होते, ते मला त्या वेळी कळलेही नव्हते. गेल्या रविवारी श्वास सोडत खाली पडताना ते पहिल्यांदा सैल झाले, आणि मी बराच वेळ तशीच फरशीवर पडून राहिले. सोबतच्या मैत्रिणीही न बोलता शेजारी येऊन बसल्या.