शाया

कपाट उघडायला दोन किल्ल्या लागल्या. एक गुरुजींच्या खिशातली, दुसरी टेबलाच्या खणातल्या डबीतली. वरच्या कप्प्यात, जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेले आठ टॅब. प्रत्येकाच्या पाठीवर पांढऱ्या रंगानं क्रमांक टाकलेला आणि तोच क्रमांक डेड स्टॉक रजिस्टरात, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत, तारखेसह.

“मोजून घ्या मॅडम. एकावरही चरा नाही,” गुरुजी म्हणाले.

खरंच नव्हता. पण आठातले दोनच सुरू झाले. लिथियमची बॅटरी पार उतरलेली असताना टॅब महिनोन् महिने बंद पडून राहिला, की ती हळूहळू मरते. ठेवायचाच असेल तर निम्मा चार्ज करून ठेवावा आणि मधूनमधून बघावा. हे गुरुजींना कुणी सांगितलंच नव्हतं. जिथं टॅब देतात त्या कार्यक्रमात हार असतात, फोटो असतात. बॅटरीबद्दल कुणी बोलत नाही. एक्स्टेंशन बोर्ड लावून बाकीचे सहा चार्जिंगला ठेवले. तासाभरात चार उठले, दोन गेले ते गेलेच.

मी पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रात साधनव्यक्ती आहे. शाळांमध्ये जाऊन शिक्षकांना टॅब, दीक्षा हे सरकारी शिक्षण ॲप, पुस्तकातले क्यूआर कोड वर्गात कसे वापरायचे ते दाखवणं हा माझ्या कामाचा मोठा भाग. त्या दिवशीची शाळा अमळनेर तालुक्यातली, बोरी नदीच्या काठच्या गावातली. द्विशिक्षकी. दुसऱ्या मॅडम प्रशिक्षणाला गेलेल्या, त्यामुळे चारही वर्ग गुरुजींकडेच. दिवाळी नुकतीच झाली होती. पट ४१ चा, हजेरी २६. बाकीची मुलं कापूस वेचायला वावरात.

टॅब लोकवर्गणीतून आलेले. त्यातली मोठी रक्कम एका घरानं दिली होती. त्यांच्या आजोबांनी घेऊन ठेवलेले विप्रोचे शेअर. १९४५ साली अमळनेरात तेलाच्या कारखान्यापासून सुरू झालेली ही कंपनी पुढे संगणकात गेली आणि आमच्या तालुक्यातल्या किती घरांचे दिवस पालटले, हे इकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. त्या पैशांतून गावानं हौसेनं आणलेले टॅब दोन कुलपांच्या आड का होते?

‘शिक्षक तंत्रज्ञानाला घाबरतात’ हे वाक्य मी प्रत्येक बैठकीत ऐकते आणि दरवेळी मला वाईट वाटतं. गुरुजी टॅबला घाबरत नव्हते. मोबाइलवर ते हजेरी भरतात, पोषण आहाराची रोजची माहिती भरतात, पेरणीच्या दिवसांत हवामान बघतात. त्यांना भीती होती ती लेखी खुलाशाची. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. एखादा टॅब पोराच्या हातून पडून फुटला, तर पंचनामा कोण करणार, वसुली कुणाकडून होणार, आणि पेन्शनच्या कागदांत ना-देय दाखला अडकला तर दाद कुणाकडे मागायची? ३१ वर्षं नोकरी केलेल्या माणसाला हा हिशेब तोंडपाठ असतो. म्हणून आधी मी शेरेबही, भेटीला येणाऱ्यांनी शेरा लिहायची वही, मागितली आणि त्यात लिहिलं: ‘माझ्या सूचनेवरून टॅब आजपासून मुलांच्या हाती देण्यात येत आहेत. वापरात झीज व मोडतोड होणार हे गृहीत आहे.’ सही केली, तारीख टाकली. या ओळीला वरच्या कार्यालयात किती वजन आहे, हा प्रश्न वेगळा. गुरुजींनी ती दोनदा वाचली आणि फडकं घडी करून बाजूला ठेवलं.

मी सोबत एक वाचनाचं ॲप नेलं होतं. माझ्या फार आवडीचं. पडद्यावर गोष्ट येते, मूल मोठ्यानं वाचतं, टॅब ऐकतो. शब्द बरोबर आला की निळा होतो, चुकला की लाल होतो आणि ॲपमधली ताई तो शब्द म्हणून दाखवते. इंटरनेट लागत नाही. प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये मी हे दाखवते तेव्हा शिक्षक टाळ्या वाजवतात.

पहिला टॅब चौथीतल्या एका मुलीला दिला. वर्गात सगळ्यांत चांगलं वाचते, असं गुरुजींनी सांगितलं होतं. गोष्ट पावसाची होती. पोरगी खणखणीत आवाजात वाचू लागली. “काया ढगांनी आभाय भरून आलं.” पडद्यावर ‘काळ्या’ लाल. ‘आभाळ’ लाल. तिनं पुन्हा वाचलं. पुन्हा लाल. पुढच्या ओळीत शाळा सुटली होती. ती म्हणाली, “शाया सुटली,” आणि तोही शब्द लाल झाला.

मी वाकून म्हटलं, “ळ म्हण बाळा, ळ. जीभ वर लाव.”

तिनं जीभ वर नेली. भलताच आवाज निघाला आणि वर्ग हसला. तिनं टॅब शेजारच्या मुलापुढे सरकवला आणि खाली बघत म्हणाली, “याले मन्हं बोलनं समजत नई.”

हे वाक्य माझ्या मनातून अजून जात नाही. यंत्राला समजत नाही, असंच ती म्हणत होती आणि ते खरं होतं. माझं माहेर अहिराणी बोलतं. माझी आई आजही डोळ्याला डोया म्हणते. तरी त्या क्षणी मी यंत्राच्या बाजूनं उभी होते.

गुरुजी तोवर मागं भिंतीला टेकून बघत होते. ते पुढं आले, खडू घेतला आणि फळ्यावर मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे लिहिलं: काया, डोया, केयी, शाया. मग पोरांकडे वळून अहिराणीत विचारलं, घरी आपण काया म्हणतो, पुस्तकात काय लिहिलंय? सगळी ओरडली, “काळा!” उजवीकडे काळा, डोळा, केळी, शाळा अशी रांग उभी राहिली. गुरुजींनी फक्त दोन अक्षरांभोवती गोल केले, य आणि ळ. एक शब्दही न बोलता बाजूला झाले. सगळे फळ्याकडे बघत राहिले. मग तीच पोरगी उठली. “मंग आभाय म्हंजे आभाळ!”

“पोरगी चुकत नव्हती मॅडम,” गुरुजी मला हळू आवाजात म्हणाले. “ती घरच्या बोलीत वाचत होती. अर्थ तिला पुरता कळलेला होता.”

आवाज ओळखणारं यंत्र शिकतं ते त्याला ऐकवलेल्या नमुन्यांवरून. ज्यांचे आवाज त्यात भरलेले असतात, त्यांचा उच्चार त्याला बरोबर वाटतो. धुळे-जळगावच्या खेड्यांतल्या पोरींचे आवाज त्यात पुरेसे नसतील, तर तिचा स्वच्छ ‘शाया’ त्याला चूकच वाटणार. आणि ही बोली काही मूठभरांची नाही. भाषाशास्त्रज्ञ ग्रियर्सननं १९०७ साली छापलेल्या भाषासर्वेक्षणाच्या खंडात खानदेशीची, जिच्यात अहिराणी धरतात तिची, स्वतंत्र नोंद आहे. २०११ च्या जनगणनेत १८ लाखांहून जास्त लोक ती बोलणारे निघाले. २०२० चं शैक्षणिक धोरण शक्य तिथं किमान पाचवीपर्यंत घरची भाषा वापरा म्हणतं. हे सगळं मला माहीत होतं. मी ते प्रशिक्षणात सांगतेसुद्धा. पण माझ्या पिशवीत त्या घरच्या भाषेसाठी काहीच नव्हतं.

मग गुरुजींनी एक प्रश्न विचारला आणि दिवस तिथून फिरला.

“यात नुसता आवाज भरता येतो का? चूक-बरोबर न सांगणारा?”

येतो. प्रत्येक टॅबमध्ये ध्वनिमुद्रणाची सोय असते. इतकी साधी, की मी ती कुठल्याही प्रशिक्षणात दाखवत नाही. लाल ठिपका दाबायचा, बोलायचं, थांबवायचं, ऐकायचं. गुरुजींना दोन मिनिटांत जमलं. पोरांना तेवढाही वेळ लागला नाही.

चार-चार, पाच-पाचचे गट केले. तोच पावसाचा उतारा प्रत्येकानं आपल्या आवाजात भरला आणि ऐकला. स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकणाऱ्या मुलाचा चेहरा बघण्यासारखा असतो. आधी लाजतं, मग टॅब कानाला लावतं. दुसरीतलं एक पोर आपला आवाज ऐकून टॅबच्या पाठीमागं वाकून बघून आलं. तिसऱ्या-चौथ्या वेळी त्यांचं त्यांनाच ऐकू येऊ लागलं, कुठं शाया म्हटलं, कुठं शाळा. ज्याला बदलायचं होतं त्यानं पुन्हा भरलं. त्या पोरीनं दोन तुकडे भरले. एक पुस्तकातला उतारा, आणि दुसऱ्यात तीच गोष्ट सबंध अहिराणीत, आजीला ऐकवायला म्हणून.

आजी लांब नव्हती. शाळेत खिचडी शिजवणारी बाई हीच तिची आजी. जेवणाची सुट्टी झाली, ताटं धुवून झाली, आणि पोरगी टॅब घेऊन चुलीपाशी गेली. आजीनं ऐकलं. मग नातीनं आजीलाच बोलायला लावलं, “कानबाईना रोटनं सांग वं माय.” श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई ही देवी बसते, तिच्या नैवेद्याचे रोट होतात. आजी पदरानं हात पुसत सांगत गेली. घरातल्या पुरुषमाणसांची मोजदाद कशी होते, प्रत्येकाच्या नावानं सव्वा मूठ गहू कसा घेतात, तो जात्यावर कसा दळायचा, भाऊबंदकी कशी एकत्र जमते. मधेच तिनं एक ओवी म्हटली. मुद्रण संपलं, पोरीनं बटण दाबलं, आणि आजीचा आवाज टॅबमधून परत आला.

“हाऊ मन्हाच आवाज शे का?” आजीनं विचारलं. ती पुन्हा लाव म्हणाली. पुन्हा. तिसऱ्या वेळी ती काहीच बोलली नाही, चुलीतल्या निखाऱ्यांकडे बघत बसली.

दुपारनंतरचा तास मी ठरवलेला नव्हता. गुरुजींनी ते मुद्रण सगळ्या वर्गाला ऐकवलं आणि ‘सव्वा मूठ’ आलं तिथं थांबवलं. “घरात आठ पुरुष असले, तर गहू किती मुठी?” चौथीची पोरं बोटं मोजू लागली. गुरुजींनी डोळे मिटले आणि सवायकी सुरू केली: एक सव्वा सव्वा, दोन सव्वे अडीच, तीन सव्वे पावणेचार, चार सव्वे पाच. मी पावकी-सवायकीचे पाढे आजोबांकडून ऐकले होते, शाळेत कधी नाही. आठ सव्वे दहा म्हणताना पोरंही सूर धरून म्हणत होती, आणि कुणीतरी, कुणी न सांगता, लाल ठिपका दाबून ती सवायकी भरून घेतली होती. आज त्या शाळेत मुलं तोच तुकडा लावून पाढे म्हणतात.

मराठीचा तास, गणिताचा तास, परिसर अभ्यास, सगळं त्या एका मुद्रणातून निघालं. तिसरी-चौथीनं आजीचं बोलणं ऐकत ऐकत अर्धं पान प्रमाण मराठीत उतरवलं. त्यासाठी त्यांना ते दहा वेळा थांबवून मागं न्यावं लागलं. ‘वावरमा’चं ‘शेतात’ की ‘वावरात’, यावर दोन गटांत वाद झाला. गुरुजींनी दोन्ही बरोबर धरलं. मीही तेच केलं असतं.

संध्याकाळी मला भेटीचा नमुना भरायचा होता. त्यात रकाना आहे: कोणते ॲप वापरले, किती मिनिटे. मी ‘ध्वनिमुद्रण, १४० मिनिटे’ असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी कार्यालयातून विचारणा आली, हे ॲप यादीत नाही, दुरुस्त करून पाठवा. मी दुरुस्त केलं नाही. खाली अर्धं पान लिहून जोडलं.

वाचनाचं ॲप मी टाकून दिलेलं नाही. नेते अजूनही, पण आता पहिल्या दिवशी काढत नाही. आधी गुरुजींचा एक तास मागच्या बाकावर बसून बघते, पोरं आपसात काय बोलतात ते ऐकते, आणि मग पिशवी उघडते. त्यानं भेटी कमी होतात. महिन्याला ठरलेल्या संख्येत मी मागं पडते आहे, आणि त्याचं उत्तर मला द्यावं लागतं.

आठवड्यानं रात्री साडेनऊला गुरुजींचा फोन आला. टॅब ‘जागा संपली’ म्हणतोय. मी सांगितलं, नको असलेली मुद्रणं पुसून टाका, जागा होईल.

“तेच करत बसलोय मघापासून,” ते म्हणाले. “यातलं नको असलेलं सापडत नाहीये. ते छोटं कार्ड मिळतं ना, आवाज साठवायचं? केवढ्याला येतं?”