जेवण आमचं, पेट्रोल तुझं

आमच्या मोठ्याला तिशी लागायला आली होती तेव्हाची ही गोष्ट. इंजिनिअरिंग झालेलं, पुण्यात एका कंपनीत काही दिवस नोकरी, मग ती सोडून राज्यसेवा. सातारा जिल्ह्यात हे कुणाला उलगडून सांगावं लागत नाही, प्रत्येक गल्लीत एखादं तरी पोरगं 'एमपीएससी करतंय'. पेठेतली खोली, मेस, अभ्यासिका, टेस्ट सिरीज, सगळं माझ्या शिक्षिकेच्या पगारातून चाललं होतं. आमच्या ह्यांची एसटीची पेन्शन ईपीएसची, म्हणजे प्रॉव्हिडंट फंडाच्या योजनेतली, ती चहापाण्याला पुरते. २०२३ च्या सुरुवातीला नवीन वर्णनात्मक पॅटर्नवरून, म्हणजे पर्याय निवडण्याऐवजी उत्तरं लिहून काढायच्या परीक्षेवरून, पुण्यात आंदोलन झालं, पॅटर्न २०२५ पर्यंत पुढं गेला, आणि त्या उन्हाळ्यात पोरगं बाडबिस्तरा घेऊन गोडोलीला घरी आलं. म्हणे, "घरी राहून करतो, पैसे वाचतील."

खोलीभाडं वाचलं. पण पुस्तकांच्या गठ्ठ्याची सुतळी दिवाळीपर्यंत सुटली नाही. रात्री उशिरापर्यंत मोबाईल, सकाळी मी शाळेत जाताना हा गाढ झोपेत. दुपारी उठून झाकलेलं ताट खायचं, संध्याकाळी गाडीला किक मारून पोवई नाक्याकडं. काही विचारलं की एकच उत्तर, "जाहिरात येऊ दे, मग बघ."

खुल्या गटाला वयाची मर्यादा ३८, मागासवर्गीयांना ४३. म्हणजे आयोग काही त्याला इतक्यात थांबवणार नव्हता. थांबवायचं असेल तर ते घरातच व्हायला हवं होतं, हे मला एकदा आकडेमोड करताना लख्ख कळलं. माझ्या निवृत्तीला दोनच वर्षं उरली होती.

हे आधी रागानं बोलायचे, "काढ घराबाहेर, रस्त्यावर आला की येईल शुद्धीवर." ओळखीच्या वकीलबाईंना मी सहज विचारून ठेवलं होतं. गोडोलीचं घर ह्यांनी स्वतःच्या कमाईतून बांधलेलं. सज्ञान मुलाला अशा घरात हक्कानं राहता येत नाही, आईवडिलांच्या मर्जीनंच राहता येतं, असं दिल्ली उच्च न्यायालयानं २०१६ मध्ये म्हटलंय. गावाकडच्या वडिलोपार्जित रानाची गोष्ट वेगळी, तिथं त्याचा जन्मतः हिस्सा. त्रास फारच झाला तर ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ चा कायदा आहे, त्याचा अर्ज प्रांत ऑफिसात चालतो. माहिती असलेली बरी. पण माझं पोरगं मारझोड करत नव्हतं, दारू पीत नव्हतं. ते नुसतं साचून बसलं होतं, आणि त्यासाठी प्रांताकडं जाणं म्हणजे मुंगीला तोफ.

मला आधी दुसरीच शंका होती. हा आळस आहे की आजार? मनानं खचलेल्या पोराला वेसण घालायला जावं आणि नको ते व्हावं, अशा बातम्या आपण वाचतोच. म्हणून आधी त्याला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडं नेलं. आला, कुरकुरत का होईना. झोपेचं चक्र पार बिघडलंय, निराशा आहे, पण आत्ता गोळ्यांची गरज नाही, बोलायला येत जा, असं त्यांनी सांगितलं. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मन मोकळं करायच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबरही दिला. तो फुकट आहे, रात्री-अपरात्री लागतो, मराठीत बोलतात. तो नंबर मी फ्रिजवर चिकटवला. त्यानं कधी लावला का, मी विचारलं नाही. डॉक्टरांनी निर्वाळा दिल्यावर मात्र माझा हात मोकळा झाला.

खरी लढाई पोराशी नव्हतीच, ती आत्याबाईंशी होती. माझ्या सासूबाई. सासरे फौजेतून रिटायर झालेले, त्यांची फॅमिली पेन्शन आत्याबाईंना येते, आणि तिचं एटीएम कार्ड नातवाच्या पाकिटात. पैसे काढून आणायचे, आजीच्या हातावर ठेवायचे आणि त्यातलेच परत आपल्या खिशात. मी खर्चाला नाही म्हटलं तरी पेट्रोल भरलेलं कसं असतं, याचं उत्तर तिथं होतं.

एका रविवारी हे आणि मी त्यांच्या खाटेपाशी बसलो. मी म्हटलं, "आत्या, कार्ड तुमच्या बटव्यात ठिवा. पैसं काढायला मी संगं येईन."

"माझ्या नातवाला मी देती. तुला काय त्याचं? मी काय उरावर बांधून न्हेणार हाय?"

"न्हेऊ नका. पण तुमच्या माघारी त्याला कोण देणार?"

त्या गप्प बसल्या, पण वळल्या नाहीत. वळवलं ह्यांनी. हे एरवी आईसमोर तोंड उघडत नाहीत, त्या दिवशी म्हणाले, "आई, मला अण्णांनी विसाव्या वर्षी डेपोच्या दारात नेऊन उभं केलं, तवा तू अडवलं न्हाईस." आत्याबाईंनी उशीखालचा बटवा पुढं केला. कार्ड नातवाकडून परत घ्यायचं कामही त्यांनीच केलं, आमच्यासमोर. माझ्या मते सगळ्या प्रकरणात कामाचं असं एवढंच झालं. घरात एक जरी खिसा उघडा राहिला तर बाकीच्यांच्या बोलण्याला दमडीची किंमत राहत नाही.

मग वहीचं पान. मास्तरीण आहे, लिहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. दोन वेळचं जेवण, चहा, छप्पर, औषधपाणी आणि परीक्षेच्या फॉर्मचे पैसे आमच्याकडं. रिचार्ज, पेट्रोल, कपडे, बाहेरचं खाणं त्याचं त्यानं बघायचं. दळण, सिलिंडर आणि आजीचा दवाखाना ही कामं त्याची, कुणी आठवण न करता. कुठलंही काम चालेल, पण पुढच्या वर्षीच्या मार्चपर्यंत हाताशी उत्पन्न हवं, आणि ते आलं की महिन्याला दोन हजार घरात. कधी उठायचं हे मी मुद्दाम लिहिलं नाही. ज्यावर रोज सकाळी भांडण होणार, ते पानावर कशाला? आमच्या बाजूनंही एक ओळ होती: पाहुण्यांसमोर त्याचा विषय काढायचा नाही, ताटावर बसल्यावर तर नाहीच.

वाचून म्हणाला, "मी भाडेकरू आहे का?"

मी म्हटलं, "भाडेकरूला आम्ही जेवायला घालत नाही."

पुढचे दिवस वाईट गेले. बोलणं बंद. गाडी आठवडाभर दारात उभी. मोबाईलचा रिचार्ज संपला तेव्हा धाकटीकडं हॉटस्पॉट मागत फिरत होता, आणि ती पुण्याहून सुट्टीला आलेली, तिचाही जीव कळवळला. तिला मी स्वयंपाकघरात बोलावून निक्षून सांगितलं. हे तर रात्री उठून म्हणायचे, "शंभर रुपयं द्यायला काय हुतंय?" होत काहीच नाही, पण मग पानाला अर्थ काय? दळण मात्र तो आणायचा. पिशवी ओट्यावर आपटून ठेवायचा, पण आणायचा.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये आली, तेव्हा गठ्ठ्याची सुतळी सोडण्याआधी त्यानं महास्वयं हे सरकारचं रोजगाराचं पोर्टल उघडलं. अठरा ते पस्तीस वय, पदवीधराला महिना दहा हजार विद्यावेतन, मुदत सहा महिने. पुढं ती पाच महिन्यांनी वाढली. एका सरकारी कार्यालयात टेबल मिळालं. कायम नोकरी नव्हे, हे तिथं सगळ्यांना माहीत. पण दहाला शर्ट इस्त्री करून निघायचं म्हटल्यावर झोपेचं चक्र आपोआप सुधारलं, आणि ज्या साहेबाच्या खुर्चीसाठी अभ्यास करायचा, त्या खुर्चीसमोर दिवसभर काय चालतं हे त्याला बघायला मिळालं. पहिल्या पैशांत त्यानं आजीला मोती चौकातून कंदी पेढे आणले आणि माझ्यासमोर दोन हजार ठेवले. मी घेतले. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "पोराचे पैसे घेववतात तरी कसे?" मला काही जड गेलं नाही.

मुदत संपल्यावर तो एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात क्वालिटीला लागला. पगार बेताचा आहे. स्थळं अजून 'मुलगा परमनंट आहे का' इथंच अडतात. राज्यसेवेचं पुस्तक रात्री तासभर उघडतो, वर्णनात्मक उत्तरं लिहून माझ्याकडून शुद्धलेखन तपासून घेतो. अधिकारी होईल का? माझ्या मते अवघड आहे, हे मी त्याला सांगितलंय. त्यालाही ते पटतं, पण वयाची सोय आहे तोवर तो फॉर्म भरणार, आणि पानावर लिहिल्याप्रमाणे त्याचे पैसे मी देणार.

गेल्या पाडव्याला पान नव्यानं लिहायला बसलो. आता घरात तीन हजार, लाईट बिल त्याच्याकडं. लिहून झाल्यावर त्यानं पेन माझ्या हातून घेतलं आणि खाली स्वतःची ओळ घातली: माझ्या खोलीत दार वाजवल्याशिवाय कुणी यायचं नाही, माझ्या टेबलावरचं आवरायचं नाही. मी सही केली. ह्यांचं म्हणणं, घर मी बांधलं, मीच दार वाजवू? त्यांची सही अजून व्हायचीय.