एकावर एक ठेवून पाहा

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मला भूमितीबद्दलच लिहायचे आहे, त्यातही एकरूपतेबद्दल. बाबाबा, बाकोबा, कोबाको (बा म्हणजे बाजू, को म्हणजे कोन) ही त्रिकोणांच्या एकरूपतेच्या कसोट्यांची अक्षरे शाळा सुटली तरी तोंडात राहतात. पण एक आकृती उचलली की दुसरीवर तंतोतंत बसते, हा त्यांचा अर्थ हाताने करून पाहिल्यावरच पटतो. आज त्या बाकांवर बसणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहितो आहे.

बाबाको, म्हणजे दोन बाजू आणि त्यांच्यामधला नसलेला कोन, ही कसोटी का नाही, हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतेच. वही आडवी धरून एक रेघ काढा. तिच्या डाव्या टोकाशी ३० अंशांचा कोन करा आणि तिरप्या भुजेवर त्या टोकापासून ८ सेमीवर खूण करा. खुणेवर कंपासचे टोक रोवून ५ सेमी त्रिज्येचा कंस मारा. तो आडव्या रेघेला दोनदा छेदतो, डाव्या टोकापासून साधारण ३.९ आणि ९.९ सेमीवर. मापे तीच, त्रिकोण मात्र दोन. बहुतेकांची रेघ सहा-सात सेमीचीच असते, त्यामुळे दुसरा छेद दिसतच नाही आणि कसोटी खरी वाटते. रेघ १२ सेमीची घ्या.

आता ३० च्या जागी काटकोन घ्या, आडवी रेघ दोन्हीकडे वाढवा आणि त्रिज्या १० सेमी करा. छेद पुन्हा दोनच, पण डावीउजवीकडे प्रत्येकी ६ सेमीवर. उभ्या भुजेवर घडी घातली की एक त्रिकोण दुसऱ्यावर बसतो. काटकोन त्रिकोणांची कर्णभुजा कसोटी (कर्ण आणि एक बाजू समान) चालते ती यामुळे, आणि मला ती सगळ्या कसोट्यांत देखणी वाटते.

युक्लिडनेही बाकोबा अशीच, त्रिकोणावर त्रिकोण ठेवून सिद्ध केली. पण ‘ठेवणे’ म्हणजे काय, हे त्याने आधी कुठे सांगितले नव्हते. १८९९ मध्ये जर्मन गणिती हिल्बर्टने या कसोटीचा गाभा सरळ गृहीतक म्हणूनच घेतला. म्हणून सरकवणे, फिरवणे, उलटवणे हे शब्द जपून वापरावेत: या हालचालींत कोणत्याही दोन बिंदूंमधले अंतर बदलत नाही.

समजा, त्रिकोण अबक एकरूप त्रिकोण पफम. हा क्रम चुकला की संगत बाजू चुकतात आणि पुढची सिद्धता कोसळते. आधी अ, ब, क कोणत्या दिशेने फिरतात ते बघा: घड्याळाच्या की उलट? मग प, फ, म. दिशा एकच असेल तर आकृती फिरवली किंवा सरकवली आहे. अप आणि बफ यांचे लंबदुभाजक काढा. ते एका बिंदूत छेदले तर सहसा तेच फिरवण्याचे केंद्र. खात्रीसाठी कम चा लंबदुभाजकही तिथूनच गेला पाहिजे. अप, बफ, कम तिन्ही समान, समांतर आणि एकाच दिशेला असतील तर आकृती नुसती सरकली आहे. दोन लंबदुभाजक अगदी अरुंद कोनात छेदत असतील तर पेन्सिलची जाडीही केंद्राला बरेच हलवते, म्हणून जास्त उघड्या कोनात छेदणारी जोडी निवडा आणि टू-एच पेन्सिल टोकदार ठेवा.

मग ट्रेसिंग पेपरवर अबक गिरवून केंद्रावर टाचणी रोवा आणि फिरवा. नागपूरच्या मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत हा कागद कडेने वळतो, वर कुलरचा झोत. हे काम सकाळच्या तासाला करा आणि फिरवताना कागदाच्या कडा बोटांनी दाबून धरा.

दिशा उलट आली तर आकृती उलटली आहे. तेव्हा अप, बफ, कम यांचे मध्यबिंदू घ्या. ते नेहमी एकाच रेषेवर येतात, आणि ती रेषा म्हणजे आरशाचा अक्ष. अप त्या अक्षाला लंब असेल तर नुसती घडी पुरते. नसेल तर घडी घालून झाल्यावर आकृती अक्षाच्या दिशेने आणखी सरकवावी लागते. किती, ते मोजपट्टीने मोजून वहीत लिहा.