बुबुळ बसलं, नजर टाक्यांवर अडली

केराटोकोनसमध्ये डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया (बोलीत बुबुळ), पातळ होत जातो आणि शंकूसारखा पुढे येतो. माझ्या उजव्या डोळ्यात त्याच्या सर्वांत आतल्या थराजवळ चीर पडून पाणी शिरलं. ते ओसरलं, पण मधोमध पांढरट डाग राहिला. गावाकडे याला डोळ्यात फूल पडलं म्हणतात. त्यानंतर चष्मा आणि कडक लेन्स दोन्ही निरुपयोगी झाले आणि कॉर्निया बदलणं एवढाच मार्ग उरला.

बदलतात तो फक्त हा पडदा, साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा. अख्खा डोळा कुणी बदलत नाही. डोळ्याचा रंग आयरिसचा असतो आणि ती मागे असते, त्यामुळे रंगही तोच राहतो. हे नातेवाईकांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

ऑपरेशन कोणतं, हे आधी नीट विचारून घ्यावं. आतला थर शाबूत असेल तर केराटोकोनसमध्ये तो स्वतःचाच ठेवून वरचे थर बदलतात. या प्रकाराला डाल्क म्हणतात. आतल्या पेशी आपल्याच राहतात, त्यामुळे शरीराने त्यांना नाकारण्याचा प्रश्न येत नाही. ऑपरेशन चालू असताना आतला थर फाटला तर पूर्ण जाडीचा कॉर्निया बसवावा लागतो, म्हणून संमतिपत्रावर दोन्हींची नोंद असते. माझा थर आधीच फाटलेला होता, तेव्हा थेट पूर्ण जाडीचंच ठरलं. फुक्ससारख्या, आतल्या थराच्या पेशी कमी होत जाणाऱ्या आजारात फक्त आतला थर बदलतात आणि तो चिकटावा म्हणून आत हवेचा किंवा वायूचा बुडबुडा सोडतात. त्या रुग्णांना सुरुवातीला उताणं पडून राहावं लागतं, आणि वायू सोडला असेल तर तो विरेपर्यंत विमानप्रवास बंद. इंटरनेटवर हे तिन्ही प्रकार सरमिसळ करून लिहिलेले असतात. दुसऱ्याचे नियम स्वतःला लावू नयेत.

रक्तगट जुळवावा लागत नाही. दात्याच्या मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत नेत्रपेढीची माणसं ऊतक, म्हणजे त्याचा कॉर्निया, काढतात, दात्याचं रक्त एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस यांसाठी तपासतात आणि आतल्या पेशी मोजतात. नजरेसाठीच्या पूर्ण जाडीच्या रोपणाला चौरस मिलिमीटरमध्ये सुमारे २००० च्या वर पेशी असाव्यात अशी अपेक्षा असते, कारण या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. ऊतक एमके या साठवणीच्या द्रावणात चार दिवस टिकतं, ऑप्टिसोल किंवा कॉर्निसोलमध्ये १४ दिवसांपर्यंत. म्हणूनच ऊतक मिळालं की ऑपरेशनसाठी फोन अचानक येतो. साखर, रक्तदाब, ईसीजी आणि फिजिशियनचा फिटनेस आधीच तयार ठेवावा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नये, डोळ्याच्या आणि ती गोळी देणाऱ्या, दोन्ही डॉक्टरांना विचारावं. पापणीच्या कडेला कोंडा असेल, रांजणवाडी आली असेल किंवा अश्रुपिशवीत पू असेल, तर ते आधी बरं करून घ्यावं लागतं. खोकला असेल तर लपवू नये. जुना कॉर्निया कापल्यापासून नवा शिवेपर्यंत डोळा अक्षरशः उघडा असतो, आणि त्या वेळी खोकल्याचा जोर आला तर आतलं सगळं बाहेर ढकललं जाऊ शकतं. याच भीतीपोटी डोळ्याचं प्रेशर उतरवायला अनेकदा आधी मॅनिटॉलची बाटली लावतात. तिने लघवी खूप होते, तेव्हा थिएटरमध्ये जाण्याआधी जाऊन यावं.

साधारण साडेसात-आठ मिलिमीटरची चकती बसते आणि ती बहुधा १६ सुट्या टाक्यांनी शिवतात. नायलॉनचा धागा केसापेक्षा बारीक असतो.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघते आणि घरचे विचारतात, दिसतंय का? धूसर दिसतं, टोचतं, पाणी येतं, उजेड नको वाटतो. हे अपेक्षितच आहे. मात्र डोळा ठणकून ओकारी आली तर प्रेशर चढलेलं असू शकतं, रात्र असली तरी फोन करावा.

थेंबांचं वेळापत्रक किचकट असतं. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरुवातीला एक-दोन तासांनी, मग महिनोनमहिने हळूहळू कमी. बाटली हलवून घ्यावी, औषध तळाशी बसतं आणि न हलवता टाकलं तर नुसतं पाणी पडतं. दोन औषधांमध्ये पाच-दहा मिनिटं, मलम सगळ्यात शेवटी, बाटलीचं टोक पापणीला लागू द्यायचं नाही. डोळा शांत दिसतो म्हणून स्टेरॉइड बंद करणं हा सर्वांत महागात पडणारा शहाणपणा. उलट बाजूने, याच स्टेरॉइडने प्रेशर गुपचूप वाढतं आणि मोतीबिंदूही येतो, म्हणून प्रत्येक भेटीत प्रेशर मोजून घ्यावं. झोपताना प्लास्टिकची ढाल लावावी. डोकं मागे टाकून दुसऱ्याकडून केस धुऊन घ्यावेत. हंडा, सिलिंडर उचलू नये. फोडणीपासून लांब राहावं. गुलाल आणि रंगपंचमी त्या वर्षी नाहीच. एकाच डोळ्याने खोलीचा अंदाज चुकतो, चहा कपाबाहेर ओतला जातो. कपाच्या काठाला भांडं टेकवून ओतावं.

आता टाके. कॉर्निया काचेसारखा स्वच्छ झाला तरी नजर येत नाही, कारण प्रत्येक टाका पडद्याला आपल्याकडे ओढत असतो आणि मोठा सिलिंडर नंबर (पडद्याची गोलाई सगळीकडे सारखी नसल्याने येणारा नंबर) तयार होतो. साधारण तिसऱ्या महिन्यापासून टोपोग्राफी, म्हणजे कॉर्नियाच्या गोलाईचा नकाशा, बघून जास्त ओढणारे टाके निवडून काढतात, तेही थेंबांची भूल देऊन बाह्यरुग्ण विभागातच. एक टाका निघाला की नंबर बदलतो. म्हणून महागडा चष्मा करू नये. बाकीचे टाके वर्ष-दीड वर्षाने निघतात, काही त्याआधी आपोआप तुटतात, कारण नायलॉन डोळ्यात झिजतो. सैल टाक्यावर चिकट घाण जमते, जंतू शिरतात, त्याच्या दिशेने रक्तवाहिन्या वाढतात. रक्तवाहिन्या आल्या की शरीर ग्राफ्ट, म्हणजे बसवलेला कॉर्निया, नाकारण्याची शक्यता वाढते. अचानक कुसळ गेल्यासारखं टोचलं तर त्याच दिवशी दाखवावं, चोळू नये. सगळे टाके निघूनही नंबर उरतोच, आणि केराटोकोनसवाल्यांपैकी अनेकांना खरी स्पष्ट नजर शेवटी कडक किंवा स्क्लेरल (डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणाऱ्या मोठ्या) लेन्सनेच मिळते. हे आधी कुणी स्पष्ट सांगितलं तर बरीच निराशा वाचेल.

शरीराने ग्राफ्ट नाकारणं पहिल्या वर्षात जास्त होतं, पण दहा वर्षांनीही होऊ शकतं. चार खुणा: लाली, उजेड सहन न होणं, नजर कमी होणं, दुखणं. एक जरी दिसली तरी उद्यावर ढकलू नये. लवकर स्टेरॉइड वाढवलं तर बरेच ग्राफ्ट वाचतात. मी रोज दुसरा डोळा झाकून, एकाच अंतरावरून, भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख वाचतो. फरक आधी तिथे कळतो.

शिवलेली कड मूळ ताकदीची कधीच होत नाही. लहान मुलाचं कोपर लागलं तरी उलू शकते, म्हणून बाहेर पडताना पॉलिकार्बोनेटचा चष्मा लावावा. पाकिटात एक कागद ठेवावा: कोणता डोळा, कोणतं ऑपरेशन, कधी झालं, किती टाके बाकी, कोणते थेंब चालू. परगावी डोळा लाल झाला तर समोरचा डॉक्टर हेच पहिल्यांदा विचारतो.