तुम्ही विचारलंत म्हणून: डावा पुढचा टायर

"पुण्यात चालवता ना? मग तिकडे काय अवघड?" स्कॉटलंडच्या खेड्यापाड्यांत भाड्याची गाडी घेऊन फिरण्याबद्दल हा प्रश्न मला सोसायटीच्या लिफ्टपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत कुठेही गाठतो. विचारणाऱ्याला एका शब्दात उत्तर हवं असतं, तेही 'घ्या' असंच. मी विचारते, "टायर विम्यात धरलेत का?" की चेहरा पडतो. जायच्या आधीच नाट लावली, असं मनातल्या मनात म्हणत असणार. म्हणून एकदाचं नीट लिहून ठेवते.

जे अवघड नाही ते आधी. रस्त्याची बाजू डावीच, स्टिअरिंग उजवीकडेच, गिअर डाव्या हातालाच. कात्रज-देहूरोड बायपासवरून रोज जाणाऱ्याला तिथला हायवे झोप आणेल इतका शिस्तीचा वाटतो. वेग मैलांत असतो आणि गाडीचा काटाही मैलांतच, त्यामुळे डोक्यात गुणाकार करू नका. वस्तीत बहुतेक ३०, साध्या दुपदरी रस्त्यावर ६०, दुभाजक असला की ७०. पांढऱ्या गोल पाटीवर काळी तिरकी रेघ दिसली की काहीजण समजतात मर्यादा संपली. संपलेली नसते, हीच ६० आणि ७० ची मर्यादा तिथून लागू होते. डनब्लेन ते इन्व्हरनेस ए९ रस्त्यावर कॅमेरे सरासरी वेग मोजतात. कॅमेरा दिसल्यावर ब्रेक दाबायची आपली युक्ती तिथे फुकट. दंडाची नोटीस कंपनीकडे जाते, कंपनी तुमचं नाव कळवते आणि या कामाचा आकार वेगळा लावते. गोल चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. एवढंच.

कागदांचं म्हणाल, तर इंग्रजीत छापलेल्या भारतीय लायसनवर ब्रिटनमध्ये १२ महिने गाडी चालवता येते. तरीही आंतरराष्ट्रीय परवाना काढाच, भाड्याच्या गाडीच्या काउंटरवरच्या माणसाशी वाद घालत बसण्यापेक्षा १००० रुपये स्वस्त. फॉर्म ४ए आणि पासपोर्ट. संगम पुलाजवळच्या आरटीओचं काम, मुदत एक वर्ष. डॉक्टरचा दाखला (१ए) आणि व्हिसाची प्रत २०२१ पर्यंत लागायची, आता नियमात ती अट नाही. आणि नावं ताडून पाहा. लायसनवर माहेरचं, पासपोर्टवर सासरचं आणि क्रेडिट कार्डावर नुसती आद्याक्षरं, असा घोळ असेल तर तो इथेच निस्तरा. कार्ड गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं लागतं, आणि डेबिट कार्डावर भिस्त ठेवू नका.

आता टायर.

स्काय बेटावर मुख्य रस्ता सोडून एल्गोलकडे किंवा नीस्ट पॉइंटकडे वळलात की रस्ता एका गाडीपुरता उरतो, वाहतूक मात्र दोन्हीकडून. मध्ये मध्ये कडेला रस्ता फुगवलेला असतो, तिथे 'पासिंग प्लेस'ची पाटी. समोरून गाडी आली आणि ही जागा तुमच्या डावीकडे असेल, तर आत शिरून थांबायचं. उजवीकडे असेल, तर तिच्यासमोर आपल्याच बाजूला, रस्त्यावरच थांबायचं. समोरचा त्या जागेतून वळसा घालून जातो. उजवीकडच्या जागेत आपण घुसायचं नाही. चढावर येणाऱ्याला शक्यतो आधी वाट द्यायची, हे वरंधा घाटात गेलेल्याला सांगायला नको. त्या जागेत फोटोसाठी गाडी लावून ठेवू नका. मागे कोणी घाईत असेल, तर त्यालाही तिथेच पुढे काढायचं.

एवढं सगळं पाठ असतं, तरी टायर जातो. कारण समोर गाडी दिसली की आपला पाय थांबत नाही, हात डावीकडे वळतो. ताम्हिणीत हेच बरोबर असतं: दोन चाकं मुरमावर उतरवली की एसटी निघून जाते, कोणाचा खोळंबा होत नाही. स्कायवर कडेला मुरूम नसतो. हिरवंगार, सपाट दिसणारं गवत असतं, आणि त्याखाली दगड, पाण्याचा चर, नाहीतर डांबराचीच तुटलेली, चार बोटं खोल धारदार कड. डावं पुढचं चाक अलगद खाली जातं. इथवर काही बिघडलेलं नसतं. समोरची गाडी जाते, तिचा ड्रायव्हर हात वर करून आभार मानतो, आपणही खुशीत हात वर करतो आणि स्टिअरिंग उजवीकडे ओढून गाडी वर घेतो. चाक त्या कडेवर सरळ चढत नाही, तिरकं घासत चढतं. जिथे नक्षी असते त्या भागाखाली स्टीलचे पट्टे असतात. टायरच्या बाजूला ते नसतात. बाजू बोटभर फाटते.

फाटलेल्या बाजूला पंक्चरवाला हात लावत नाही, तो भाग सतत दबत-फुगत असतो, ठिगळ टिकत नाही. डिकी उघडावी तर बऱ्याच नव्या गाड्यांत स्टेपनीच नसते, एक चिकट द्रवाची बाटली आणि छोटा पंप असतो. त्या बाटलीने नक्षीतलं खिळ्याचं भोक बुजतं, ही फट नाही. फोनला रेंज येईलच असं नाही. मग गाडी उचलायला ट्रक, रविवार असेल तर सोमवारची वाट, गावातल्या गॅरेजात त्या मापाचा टायर नाही, पुढच्या मुक्कामाचे पैसे बुडाले. आणि साध्या विम्यात टायर, काच, टप, गाडीचा तळ हे बहुधा धरलेलंच नसतं. धरलेल्या नुकसानीतही पहिले हजार-दोन हजार पौंड तुमचेच. त्यासाठीच काउंटरवर कार्डावर मोठी रक्कम अडकवून ठेवतात.

तुमच्या वाट्याचे हे पौंड भरून देणारा वेगळा विमा आधीच घेतला तर काउंटरपेक्षा स्वस्त पडतो. पण दोन गोष्टी तपासा: टायर त्यात स्पष्ट लिहिलेत का, आणि भारतातला पत्ता चालतो का. तो असला तरी कंपनी आधी तुमच्याच कार्डातून वसूल करते, तुम्ही मागाहून पावत्या पाठवून मागायचं. म्हणून गाडी ताब्यात घेताना चारही चाकांचा जवळून वेगवेगळा फोटो काढा. परत देतानाही काढा, आणि पेट्रोलचा काटाही.

"म्हणजे आम्हाला चालवता येत नाही म्हणा की!" असं तोंडावर ऐकवणारे आहेत. येतं. रिव्हर्स येत नाही. मागची पासिंग प्लेस तुमच्या जवळ असेल, तर मागे तुम्हालाच जायचंय, तेही वळणावरून. पुण्यात आपला डावा आरसा दुचाक्यांच्या धास्तीने मिटलेला असतो, त्यामुळे त्यात बघायची सवयच गेलेली. जायच्या आधी रविवारी पहाटे एखाद्या रिकाम्या गल्लीत दोन्ही आरसे उघडून, मान न वळवता पन्नास मीटर सरळ मागे जाऊन बघा. वाकडं गेलात तर कळेल मी काय म्हणतेय. आणि दिवा. आपल्याकडे समोरच्याने दिवा मारला म्हणजे 'मी येतोय, सरक'. तिथल्या नियमात त्याचा अर्थ फक्त 'मी इथे आहे' एवढाच, पण एका गाडीपुरत्या रस्त्यावर बहुतेक लोक 'तू ये, मी थांबलोय' म्हणून मारतात. दोघं थांबून राहतात, नाहीतर दोघं निघतात.

गाडी लहानात लहान घ्या. काउंटरवर हसून "तेवढ्याच पैशांत मोठी देतो" म्हणतील. फुकटची मोठी गाडी नाकारणं पुणेकराला जड जातं, तरी नाकारा. आरसे धरून दोन मीटरच्या वर जाणारी गाडी त्या रस्त्यावर नको.

ऑटोमॅटिकबद्दल मात्र माझं माझ्याशीच पटत नाही. आधी मी ठणकावून सांगायचे की जास्तीचे पैसे कशाला, आयुष्यभर क्लच दाबलाय की. आता वाटतं, बेआलाख ना बा घाटासारख्या समुद्रसपाटीपासून ६२६ मीटर चढणाऱ्या, एका गाडीपुरत्या रस्त्यावर, चढात थांबून पुन्हा निघताना, एक पाय मोकळा असलेला बरा. नवशिक्यांनी येऊ नये अशी पाटीच आहे त्या घाटाच्या तोंडाशी. पण मग मनात येतं, ज्याला क्लचची चिंता आहे त्याने तिकडे जावंच का?

गाडीच नको म्हणणाऱ्यांनाही मी पूर्वी उडवून लावायचे. इन्व्हरनेसहून स्कायवरच्या पोर्ट्री गावाला सिटीलिंकची बस जाते, ग्लासगोहून मलेगला रेल्वे जाते आणि तिथून बोटीने स्कायवर उतरता येतं. खिडकीशी बसून डोंगर बघायचे, टायरची काळजी ड्रायव्हरला. पोर्ट्रीपर्यंत मला हे सोळा आणे पटतं. त्यापुढे नीस्ट पॉइंटला जायचं म्हटलं, की पुन्हा गाडीच आठवते.